प्रज्योत स्पीकर

विद्युत प्रज्योतीतून (आर्क, म्हणजे दोन टोकांमधल्या हवेतून सतत वाहणाऱ्या विजेच्या ज्योतीतून) थेट आवाज काढणारे साधन. यालाच प्लाझ्मा स्पीकर असेही म्हणतात. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदी कोन हवेला ढकलतो. इथे कोनच नसतो. दोन टोकांमध्ये पेटलेली प्रज्योत संगीताच्या चढउताराबरोबर कमी-जास्त तापते, भोवतालची हवा त्याच लयीत फुगते-आकसते आणि गाणे ऐकू येते. हलवायला जड असे काहीच नसल्यामुळे उंच स्वर विलक्षण स्वच्छ उमटतात. ज्योत मात्र इवलीशी, त्यामुळे ती थोडीच हवा हलवते : झांजेची किणकिण येते, डग्ग्याचा घुमारा हरवतो.

कार्बनच्या प्रज्योत दिव्यांची गुणगुण एकोणिसाव्या शतकात सर्वांच्या परिचयाची होती. इंग्लंडच्या विल्यम डडेल याने तिचा स्वर ताब्यात आणला. प्रज्योतीतला प्रवाह वाढला की तिच्यावरील विद्युतदाब (व्होल्टेज) उलट घटतो. तिला समांतर तारेचे वेटोळे आणि धारित्र (विद्युतभार साठवणारा कपॅसिटर) जोडल्यास आंदोलने सुरू होतात आणि त्यांची वारंवारता आपल्याला ठरवता येते. १९०० च्या सुमारास त्याने प्रज्योतीला चाव्यांची पट्टी जोडून सूर वाजवून दाखवले. पुढे याच मंडलात सुधारणा करून डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन याने रेडिओलहरी निर्माण केल्या.

घरगुती स्पीकरचा गाभा म्हणजे जुन्या, नळीच्या टीव्हीतला उच्च विद्युतदाब निर्माण करणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच दुरुस्तीवाल्यांचा ‘ईएचटी’ (एक्स्ट्रा हाय टेन्शन). भारतीय टीव्हीत तो सेकंदाला १५,६२५ वेळा स्पंदत असे आणि त्याची बारीक शीळ लहान मुलांना ऐकू येई. तीच शीळ गाण्यात मिसळू नये म्हणून इथे त्याला २०,००० हर्ट्झच्या वर चालवतात. मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच त्याचा प्रवाह चालू-बंद करतो आणि संगीताचा संकेत प्रत्येक स्पंदाची रुंदी बदलतो. वारंवारता कानाच्या टप्प्याबाहेर राहते. रुंदीतला बदल तेवढा ऐकू येतो.

ही रचना जिवावर बेतू शकते. विद्युतदाब हजारो व्होल्टचा असतो आणि धारित्रांत वीज बंद केल्यावरही भार उरतो. प्रज्योतीला स्पर्श झाल्यास खोल भाजते. तिच्यातून ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात, म्हणून बंद खोलीत ती पेटवू नये. उच्च दाबाचे काम केलेली जाणती व्यक्ती शेजारी नसेल, तर हा प्रयोग करूच नये.