सारायेव्हो : जुने शहर आणि ते पाहण्याची रीत

सारायेव्हो ही बॉस्निया आणि हर्झगोव्हिना या देशाची राजधानी. मिल्यात्स्का या लहानशा नदीच्या पूर्व-पश्चिम दरीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर हे शहर वसले आहे. १४६२च्या सुमारास ईसाबेग ईसाकोविच या उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुभेदाराने इथे वाडा, मशीद, पूल आणि बाजार बांधून त्यांच्या खर्चासाठी वक्फ नेमला. वाड्याला तुर्कीत ‘सराय’ आणि मैदानाला ‘ओवा’ म्हणतात. वाड्याभोवतालचे मैदान या अर्थाच्या शब्दांवरून गावाला नाव मिळाले. पूर्वेकडे दरी चिंचोळी आहे आणि जुने शहर तिथेच आहे. पश्चिमेकडे ती रुंदावत जाते, तसे शहरही नवे होत जाते. त्यामुळे नकाशा न उघडताही वाट सापडते : नदी ओळखायची आणि डोंगर कुठे जवळ येतात ते पाहायचे. ट्राम सपाटीवरून धावते. मोहल्ले मात्र दोन्ही अंगांच्या उतारांवर चढलेले आहेत, आणि तिथल्या फरसबंद गल्ल्या पावसात फार निसरड्या होतात. चांगल्या पकडीचे बूट हवेतच.

भारतातून थेट विमान नाही. बहुतेक प्रवासी इस्तंबूल किंवा व्हिएन्नामार्गे येतात. देश युरोपीय संघात नाही आणि एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रातही नाही, म्हणून इथले प्रवेशनियम वेगळे आहेत. वैध बहुप्रवेश शेंगेन व्हिसा असलेल्यांना अल्प मुक्कामासाठी सवलत मिळते, पण निघण्याआधी दूतावासाकडून ताजा नियम विचारून घ्यावा. क्रोएशियातून शेजारी म्हणून इकडे डोकावणाऱ्याचा एकप्रवेशी व्हिसा सीमा ओलांडताच संपतो आणि परतीची वाट बंद होते. परदेशी पाहुण्याची पोलिसांत नोंद करावी लागते. हॉटेलवाले ती स्वतःच करतात. खासगी घरात उतरल्यास घरमालकाला पहिल्याच दिवशी आठवण करावी. हिवाळ्यात दरीत धुके साचते आणि विमाने रद्द होतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत पुढच्या विमानाशी घट्ट जोडलेला बेत आखू नये.

बस स्थानके दोन आहेत, आणि नवख्या माणसाची हमखास फसगत इथेच होते. मुख्य स्थानक रेल्वे स्थानकाला लागून आहे. सर्बियातल्या बेलग्रेडकडच्या आणि सर्ब प्रजासत्ताक या बॉस्नियाच्याच घटक प्रदेशातल्या बऱ्याच बस मात्र लुकावित्सा इथल्या पूर्व सारायेव्होच्या स्थानकावरून सुटतात. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, डोब्रिन्या वस्तीच्या पलीकडे आहे. तिकिटावर कोणते स्थानक लिहिले आहे ते आधी वाचावे. मोस्तारला जायचे असेल तर बसपेक्षा रेल्वे बरी. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, पण सुमारे दोन तासांचा हा लोहमार्ग डोंगर उतरून नेरेत्वा नदीच्या काठाने जातो आणि खिडकीवरून नजर हलत नाही.

चलन परिवर्तनीय मार्क. त्याचा दर युरोला १.९५५८३ असा कायम बांधलेला आहे, म्हणून हिशेब सोपा : किंमत निम्मी केली की युरो. एकाच किमतीच्या नोटांवर दोन वेगवेगळी चित्रे दिसली तर दचकू नये. देशाच्या दोन घटक प्रदेशांसाठी वेगळ्या छपाईच्या नोटा आहेत आणि दोन्ही सगळीकडे चालतात. देशाबाहेर मात्र हे पैसे सहसा कोणी बदलून देत नाही, ते इथेच संपवावेत. जुन्या बाजारातल्या लहान दुकानांत रोकडच चालते.

बाजाराचे नाव बाशचार्शिया, म्हणजे मुख्य पेठ. मधल्या चौकात लाकडी नक्षीची ‘सेबिल्य’ उभी आहे. मोहरममध्ये आपल्याकडे सरबताची सबील लागते, तोच हा शब्द आणि तोच हेतू : वाटसरूला पाणी. पहिली सेबिल्य १७५३ सालची, आजची वास्तू नंतरच्या ऑस्ट्रो-हंगेरियन काळातली. इथले पाणी प्यायलेला माणूस परत येतो असे सारायेव्होकर सांगतात. शहरातले नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. मराठी वाचकाला या पेठेत ओळखीचे शब्द भेटत राहतात : दुकानाला ‘दुचान’, मोहल्ल्याला ‘महाला’, साखरेला ‘शेचेर’. फारसी-अरबी शब्द उस्मानी सत्तेबरोबर तिकडे गेले आणि सुलतानशाह्यांच्या काळात इकडे आले, एवढाच त्याचा उलगडा. कझांजिलुक ही तांबटांची गल्ली. पुण्याच्या तांबट आळीसारखा घावांचा ठोका इथे अजून ऐकू येतो, पण बऱ्याच दुकानांत यंत्रावर ठोकलेला मालही मांडलेला असतो. कारागीर समोर बसून काम करत असेल तिथेच घ्यावे.

गाझी हुसरेव्हबेग मशीद (१५३१) नमाजाच्या वेळा सोडून पाहता येते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्रियांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. शेजारच्या घड्याळ-मनोऱ्यातील वेळ चुकीची वाटते, पण घड्याळ बरोबर असते. ते सूर्यास्ताला बारा दाखवते, आणि दिवस लहानमोठा होईल तसे एक नेमलेला माणूस ते जुळवतो. तिथून पश्चिमेला चालत गेल्यास जमिनीवर एक रेघ येते. तिच्या एका अंगाला उस्मानी बाजार, दुसऱ्या अंगाला १८७८ नंतर आलेल्या ऑस्ट्रो-हंगेरियन राजवटीच्या चारमजली इमारती. काही मिनिटांच्या अंतरात मशीद, १५८१ची जुनी सिनेगॉग, ऑर्थोडॉक्स चर्च आणि १८८९चे कॅथलिक कॅथीड्रल येते. नदीकाठी लॅटिन पूल आहे. २८ जून १९१४ रोजी गाव्रिलो प्रिन्सिप याने ऑस्ट्रो-हंगेरियन गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी यांना त्याच्या समोरच्या कोपऱ्यावर गोळ्या घातल्या आणि पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली. जागा इतकी साधी आहे की पुष्कळ जण न कळता पुढे निघून जातात.

खाण्याबाबत मराठी प्रवाशाला एक गोष्ट आधी माहीत हवी. इथले प्रसिद्ध ‘चेवापी’ मुख्यतः गोमांसाचे असतात. ‘सोमुन’ नावाच्या जाड भाकरीत पाच किंवा दहा नग आणि चिरलेला कांदा घालून ते देतात. ‘बुरेक’ हा शब्दही सारायेव्होत फक्त मांसाच्या सारणासाठीच वापरतात. चीजचा बुरेक मागितला तर दुकानदार तिथल्या तिथे चूक सुधारतो. शाकाहारी माणसाने ‘सिर्नित्सा’ (चीज), ‘झेल्यानित्सा’ (पालक आणि चीज) किंवा ‘क्रोम्पिरुशा’ (बटाटा) मागावी. ती वजनावर मिळते, वर दही ओतून घेतात. ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ असावेत. पेठेतल्या अनेक खाणावळींत दारू मिळत नाही. कॉफी तांब्याच्या ‘जेझ्वा’त येते, सोबत बिनकानाचा छोटा ‘फिल्जान’, साखरेचा खडा आणि लोकुमची वडी. खडा कॉफीत किंचित बुडवून चावायचा आणि वर घोट घ्यायचा. तिला तुर्की कॉफी म्हणू नये, आणि अर्ध्या तासाच्या आत उठू नये.

५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ असे १,४२५ दिवस, बॉस्नियाच्या युद्धात, शहराला बॉस्नियन सर्ब सैन्याचा वेढा होता. पर्यटक ज्या डोंगरांचे फोटो काढतात, त्यांच्यावरूनच तोफा आणि नेमबाज शहरावर मारा करत होते. रस्त्यात तोफगोळ्यांनी पडलेले काही खड्डे लाल राळेने भरले आहेत. ज्या ठिकाणी माणसे मेली, तिथल्या या खुणांना ‘सारायेव्होचे गुलाब’ म्हणतात. त्या मुद्दाम शोधाव्या लागतात, त्यावर पाय ठेवू नये. ऑगस्ट १९९२ मध्ये जळालेले नगरभवन, व्हियेच्नित्सा, तेव्हा राष्ट्रीय ग्रंथालय होते. दुरुस्तीनंतर ते २०१४ मध्ये उघडले. विमानतळाखालून १९९३ मध्ये खोदलेल्या सुमारे ८०० मीटर बोगद्याचा थोडा भाग संग्रहालयात चालून पाहता येतो. तिथे जायला ३ क्रमांकाची ट्राम इलिजापर्यंत घ्यावी आणि पुढे बस किंवा टॅक्सी. परतताना वेळ असेल तर इलिजाहून झाडांच्या लांब रस्त्याने व्रेलो बोस्ने या बोस्ना नदीच्या उगमाशी जावे. पहिल्या भेटीत कोणालाही तुम्ही कोणत्या धर्माचे, असे विचारू नये. युद्धाची गोष्ट समोरच्याने काढली तरच पुढे न्यावी.

त्रेबेविच डोंगरावर जाणारी केबलकार युद्धात उद्ध्वस्त झाली होती. ती ६ एप्रिल २०१८ रोजी पुन्हा सुरू झाली. परदेशी प्रवाशाचे तिकीट स्थानिकांपेक्षा बरेच महाग आहे. वरच्या थांब्यापासून थोड्या अंतरावर १९८४च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्लेचा, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा, काँक्रीटचा मार्ग आहे. तो आता रंगांनी पुरता माखला आहे आणि त्यातून चालत उतरता येते. देशात अजून भूसुरुंग शिल्लक आहेत, म्हणून आखलेली पायवाट सोडून झाडीत शिरू नये. कवटीचे चिन्ह असलेली लाल पाटी दिसली तर आल्या पावली मागे फिरावे.

मे-जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. ऑगस्टमध्ये १९९५ सालापासून, म्हणजे वेढ्यातच, सुरू झालेला चित्रपट महोत्सव असतो. तेव्हा खोल्या महाग आणि दुर्मीळ होतात. थंडीत कोळसा आणि लाकडाचा धूर दरीत कोंडतो, हवा अत्यंत वाईट असते, दम्याच्या रोग्याने तेव्हा येऊ नये. रमजानात संध्याकाळी झूता ताबिया या पिवळ्या बुरुजावर जावे. सूर्य बुडताच तिथून तोफ उडते, खाली मिनारांवर दिवे लागतात आणि शिदोऱ्या उघडून बसलेली माणसे पहिला घास घेतात. चढ दमवणारा आहे, पण अर्धा तास आधी पोचले तर बसायला जागा मिळते.