मोठ्या आतड्यातला उलटा प्रवास

स्क्रीनवर दिसतंय ते आपलंच मोठं आतडं आहे, हे पटायला मला जरा वेळ लागला. ओली, चकचकीत, फिकट गुलाबी भिंत आणि तिच्यावर पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या बारीक रक्तवाहिन्या. गुंगीचं औषध हलकंच दिलेलं होतं, त्यामुळे कोलोनोस्कोपी करणारे डॉक्टर दुर्बीण सरकवताना काय सांगतात ते ऐकू येत होतं. अन्नाचा चोथा जिथून बाहेर पडतो तिथून ही दुर्बीण आत शिरते, म्हणून प्रवास उलटा.

सुरुवातीला मलाशय. एरवी ते बहुतेक रिकामंच असतं. त्यात मल उतरला की 'जाऊन यावं' असं वाटतं. त्याच्या खालच्या टोकाला एका स्नायूचा फास असतो. तो नळी पुढे ओढून धरतो आणि तिथे वाक पडतो, म्हणून चालता-बसताना आपला ताबा राहतो. उकिडवं बसलं की हा वाक बराच सरळ होतो. गुडघ्यांमुळे कमोड वापरावा लागत असेल, तर पायांखाली लाकडी पाट घ्यावा. कुंथावं लागणाऱ्या अनेकांना त्याचा उपयोग होतो.

पुढचं वळण नागमोडी. तिथे परिचारिकेने माझं पोट दाबून धरलं. मग नळी सरळ वर गेली, डावीकडे प्लीहेपाशी वळली आणि आडवी झाली. तिथला पोकळ भाग चक्क त्रिकोणी दिसतो! मोठ्या आतड्यावर लांबीच्या दिशेने स्नायूंच्या तीन पट्ट्या असतात आणि त्या नळीपेक्षा आखूड असतात. परकराचा नाडा ओढल्यावर चुण्या पडाव्यात तशी नळी त्यांच्यावर गोळा होते आणि तिचे कप्पे पडतात.

या कप्प्यांतच खरं काम चालतं. लहान आतड्यातून रोज साधारण दीड लिटर पातळ ऐवज इथे येतो. कप्पे तो पुढे-मागे घोळवत राहतात, भिंत त्यातलं पाणी आणि मीठ शोषते आणि मलावाटे जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर पाणी जातं. लहान आतडं भाकरी काही तासांत पुढे पाठवतं. इथे मात्र तिला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. घाई झाली तर जुलाब, रेंगाळलं तर खडा. दिवसातून काही वेळा मात्र एक जोरकस लाट सगळं पुढे ढकलते. पोटात काही पडलं की ती येते, म्हणूनच सकाळच्या चहानंतर कळ लागते.

ती कळ वरचेवर दाबली की मल आत आणखी सुकतो आणि हळूहळू कळ येणंच मंदावतं. शाळेतलं संडास घाण म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली, एसटीच्या लांब प्रवासात जीव मुठीत धरून बसणाऱ्या बायका, यांच्या बद्धकोष्ठतेवर नुसतं चूर्ण काय करणार? त्यांना आधी स्वच्छ संडास हवं.

उजव्या वळणावर भिंतीतून निळसर सावली दिसली. ते पलीकडचं यकृत. शेवटी अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी. तिथे अपेंडिक्सचं बारीकसं तोंड आणि लहान आतड्याची झडप. आदल्या रात्री प्यायलेल्या औषधाने सगळं धुऊन निघालं होतं. एरवी इथे अब्जावधी जिवाणूंची वस्ती असते. आपल्याला न पचणारे तंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. म्हणजे चोथा हे या अस्तराचं जेवण आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खायला सांगते. १०० ग्रॅम ज्वारीत ते सुमारे १० ग्रॅम असतात, मैद्यात ३ ग्रॅमही नसतात. भाकरी, मोडाची मटकी, सालासकट पेरू हे ज्याच्या ताटात आहे, त्याला तंतूंच्या पावडरीच्या महागड्या डब्यांची गरज नाही.

बारकाईने बघणं होतं ते दुर्बीण मागे घेताना. नागमोडी वळणात हरभऱ्याएवढी एक गाठ दिसली. डॉक्टरांनी तारेचा फास टाकला, वीजप्रवाह दिला आणि ती कापून काढली. मला काहीच दुखलं नाही, कारण कापलेलं या अस्तराला कळत नाही. म्हणून तर अशा गाठी वर्षानुवर्षं गुपचूप वाढतात. बहुतेक गाठींचा कर्करोग होत नाही. ज्यांचा होतो त्यांना सहसा दहाएक वर्षं लागतात. तेवढा अवधी आपल्या हातात असतो.

मी गेलो होतो शौचावाटे अधूनमधून रक्त जायचं म्हणून. सहा महिने मी 'मूळव्याधच असणार' असं धरून चाललो होतो. मूळव्याध निघालीही, पण गाठ तिच्याबरोबर होती आणि नुसत्या रक्तावरून दोन्हींतला फरक घरबसल्या कळत नाही. रक्त जाणं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणं, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन उतरणं, यांतलं काहीही असलं तरी डॉक्टरांना सांगायलाच हवं. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट न बघता तपासणी कधीपासून करायची हे विचारून घ्यावं.

रिपोर्ट आला, त्यात कर्करोग नव्हता. रात्री थोरल्या भावाला फोन केला. हा विषय आम्ही आजवर एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "अरे, मीही दोन वर्षं मूळव्याधीचं मलमच लावतोय."