एलियट स्मिथ: हळू गाण्याची ही स्टाइल आली कुठून

ठाण्यात हल्ली कुठल्याही ओपन माइकला जा, एखाददुसरा पोरगा तरी गिटार घेऊन इतका हळू गातो की मागून 'आवाऽऽज' अशी हाळी येतेच, आणि काकालोकांना वाटतं घसा बसलाय ह्याचा. ही स्टाइल काही एकट्याची नाही, पण माग काढत गेलं की एलियट स्मिथ हा अमेरिकन गायक-गीतकार लागतोच, भले त्या पोराने नावही ऐकलेलं नसेल.

जन्म १९६९ चा, ओमाहाचा, वाढला टेक्सासमध्ये, मग चौदाव्या वर्षी वडिलांकडे पोर्टलंडला. तिथे हीटमायझर बँडमध्ये होता, तो सगळा धडाधड इलेक्ट्रिक मामला, आणि त्याच काळात हा तळघरात फोर-ट्रॅक रेकॉर्डरवर (चार आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करून एकत्र वाजवणारं छोटं मशीन) अकूस्टिक गिटार घेऊन एकट्याने गाणी करत होता, तीच १९९४ ला 'रोमन कँडल' हा अल्बम म्हणून आली. खरी गंमत आवाजात आहे. तीच ओळ दोनदा गायची आणि एकावर एक ठेवायची, दोन्ही टेक किंचित पुढेमागे होतात आणि त्या बारीक आवाजाला अंग येतं. ऐकायला सोपं वाटतं, पण श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, दोन्ही वेळेला सेम यावं लागतं, करून बघा म्हणजे कळेल.

मग पोर्टलंडमध्येच राहणाऱ्या दिग्दर्शक गस व्हॅन सँटने 'गुड विल हंटिंग' ह्या सिनेमात त्याची गाणी घेतली आणि १९९८ ला हा थेट ऑस्करच्या स्टेजवर, पांढऱ्या सुटात. तयार नव्हताच, तू नाही तर दुसरा कोणी गाईल म्हटल्यावर उभा राहिला. अवॉर्ड अर्थात टायटॅनिकच्या गाण्याला. पुढे मोठी कंपनी, मोठे स्टुडिओ, 'एक्सओ', 'फिगर ८' हे अल्बम, आणि २००३ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेला. गायिका फीबी ब्रिजर्सच्या २०२० च्या 'पनिशर' अल्बमचं टायटल साँग त्याच्यावरच आहे.

आपल्याकडे हे जमतं ह्याचं कारण माझ्या मते साधं आहे, वन बीएचकेत ड्रम सेट ठेवणार कुठे, आणि रात्री अकराला मोठ्याने गायलं तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात. फक्त आपली पोरं कुजबुज तेवढी उचलतात आणि गिटार सोडून देतात. तो बीटल्सवर वाढलेला माणूस, त्याचे कॉर्ड भलतीकडेच वळतात, चार कॉर्डमध्ये ते गाणं बसत नाही. त्याचा १९९७ चा 'आयदर/ऑर' अल्बम लावा आणि नुसती गिटार ऐका, हेडफोनवर, स्पीकरवर अर्धं कुकरच्या शिट्टीत जाईल.