फोन चालवता येणं आणि फोनातलं वाचता येणं

गेल्या जुलैतली सोमवारची दुपार. दोन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट होता आणि आमच्या वर्गाच्या कौलांतून तीन ठिकाणी गळत होतं. अशात व्हॉट्सॲपवर जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र आलं: अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी. मी ते लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकलं, वर दोन ओळी लिहिल्या, मेसेज पिनही केला. दहाएक मिनिटांनी पोषण आहाराच्या मावशी पदराला हात पुसत दारात आल्या.

"ओ बाई, उद्या मंगळवार मां? मगे ह्या कागदार गुरवार कसो?"

पत्र जुनं होतं. वर्षाचा आकडा असलेला कोपरा कुणीतरी सफाईने कापला होता, पण मजकुरातला वार तसाच राहून गेला होता. तो मावशींच्या नजरेला पडला, कारण उद्यासाठी वाटाणे भिजत घालायचे की नाही हे त्यांना ठरवायचं होतं. मला दिसला नाही. मेसेज मागे घेतला तोवर तो चार वाड्यांत पोचला होता. मंगळवारी ३८ पैकी ११ मुलं आली आणि वरिष्ठांचा फोन आला तो वेगळाच.

यातली खरी लाज पुढे आहे. मी तेव्हा माध्यम साक्षरता आणि तंत्रज्ञान या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या सत्रात होते.

गावात या अभ्यासक्रमाला सगळे 'बाईंचा कॉम्प्युटरचा कोर्स' म्हणतात. केंद्राच्या बैठकीत मी 'माध्यम साक्षरता' म्हटलं तर एका गुरुजींनी निरागसपणे विचारलं, "मराठी माध्यमाची की सेमीची?" आम्ही हसलो, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत माध्यम या शब्दाचा दुसरा अर्थ तरी कुणाला सुचणार? मलाही प्रवेश घेताना वाटलं होतं की नावातला 'आणि' केवळ शोभेचा आहे, दोन्ही एकच. दोन वर्षांनी सांगते, त्या 'आणि'च्या अलीकडे एक विषय आहे आणि पलीकडे दुसराच.

तंत्रज्ञानाची बाजू आपल्या ओळखीची आहे. २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणकाची ओळख करून देणारा कोर्स आहे. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी वेतनवाढ अडकू नये म्हणून ते सर्टिफिकेट मिळवलं. २०१७ मध्ये शालेय पाठांचं दीक्षा ॲप आलं, त्याच वर्षी ग्रामीण कुटुंबांना डिजिटल साक्षर करायची केंद्र सरकारची मोठी योजना आली. शाळा 'डिजिटल' झाल्या. आमची झाली ती चाकरमान्यांच्या वर्गणीतून. गणपतीत मुंबईहून आलेल्या मंडळींनी भिंतीवर मोठा टीव्ही बसवून दिला, नारळ फोडला, फोटो काढले. दुसऱ्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने त्याच्या मागच्या पोर्टांना गंज धरला. या बाजूचे प्रश्न असे असतात: चालतं का, कुणाला चालवता येतं, कुठे वापरावं. अभ्यासक्रमात त्यावर चांगला विचार आहे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेली चौकट मला पटली. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान ही तिन्ही एकमेकांत मिसळल्याशिवाय वर्गात यंत्र कामाचं होत नाही, असं ती सांगते. टीव्हीवर पाठाचा व्हिडिओ लावून वह्या तपासत बसणं म्हणजे तंत्रज्ञान वापरणं नाही, हे मी त्यातूनच कबूल करायला शिकले.

(एक सांगायलाच हवं. तंत्रज्ञानाच्या याच अभ्यासक्रमाचे स्वाध्याय हाताने, शाईपेनाने लिहून पोस्टाने पाठवायचे होते. मी पाठवले.)

आता दुसरी बाजू. ती संगणकाची नाहीच, हे पहिल्या फटक्यात पचत नाही. युनेस्कोच्या पुढाकाराने १९८२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या ग्रुनवाल्ड इथे १९ देशांच्या प्रतिनिधींनी माध्यम शिक्षणाचा जाहीरनामा केला, तेव्हा इंटरनेट कुणाच्या घरी नव्हतं. आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तोच त्या वर्षी. मुद्दा असा होता की मुलं अक्षर वाचायला शाळेत शिकतात, मग चित्र, जाहिरात, बातमी, मालिका वाचायला कुठे शिकणार? जे दिसतं ते कुणीतरी रचलेलं असतं. कुणी रचलं, कुणासाठी, काय ठेवलं, काय गाळलं, पैसा कुणाचा, हे विचारायची सवय म्हणजे माध्यम साक्षरता. ती कागदावर शिकवता येते, फळ्यावर शिकवता येते, वीज गेल्यावरही शिकवता येते. आमच्याकडे हा फार मोठा गुण आहे.

मग गोंधळ का होतो? मला उत्तर सापडलं ते १९९२ मध्ये अमेरिकेत ॲस्पेन संस्थेच्या परिषदेत ठरलेल्या व्याख्येत. त्यात चार क्रियापदं आहेत: मजकूर मिळवणं, त्याची उकल करणं, त्याची पारख करणं आणि आपला मजकूर तयार करून पोचवणं. पहिल्या आणि चौथ्या क्रियापदाला आज यंत्र लागतं, मधल्या दोघांना लागत नाही. आपण टोकाची दोन पाहतो आणि मधली आपोआप येत असतील असं धरून चालतो. सातवीतला पोरगा मिनिटात रील बनवून टाकतो, म्हणजे 'त्याला सगळं कळतं'. मीही पत्र मिळवलं आणि पोचवलं, अगदी पिन करून. मधलं काम मावशींनी केलं.

म्हणून काही मावशी सुरक्षित आहेत असं समजू नका. दिवाळीनंतर त्यांना मेसेज आला, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. त्यांनी केला. पलीकडच्या माणसाने एक फाइल पाठवली आणि फोनात घ्यायला सांगितली. दहावी नापास भाचा शेजारी होता. "मावशे, ता एपीके हा, हात लावू नको," म्हणत त्याने फोन हिसकावला. बाहेरून आलेलं ॲप असं आत घेतलं की ते आपले मेसेज, त्यातले ओटीपीसुद्धा वाचू शकतं, हे ज्ञान निखळ तंत्राचं आहे. इथे कितीही चिकित्सक वृत्ती असती तरी बोट त्या फाइलवर पडलंच असतं. मावशींकडे एक होतं, भाच्याकडे दुसरं. तोच भाचा पावसाच्या जुन्या व्हिडिओंना 'आत्ताचा' म्हणून पुढे ढकलत असतो.

वर्गात मी दोन्ही वेगळे तास म्हणून घेऊन पाहिले. तंत्राचा तास सोपा जातो, मुलं माझ्या पुढे असतात. दुसरा तास कसा होतो ते सांगण्यासारखं आहे.

एकदा आमच्याच किनाऱ्याचं एक रील टीव्हीवर लावलं. ड्रोनने घेतलेलं, तीस सेकंदांचं: निळं पाणी, सुरूचं बन, वाळूत एकच पाऊलवाट, मागे बासरी. आधी सगळे खूश, आपला गाव. मग आवाज बंद करून पुन्हा लावलं आणि म्हटलं, यात काय नाही ते लिहा. पहिली दोन मिनिटं कुणी लिहिलं नाही. मग एक मुलगी म्हणाली, माणूसच नाही. दुसरा म्हणाला, सुकत घातलेली मासळी नाही, तिथे तर पाय ठेवायला जागा नसते. मग जाळी नाहीत, बोटी ओढणारे खलाशी नाहीत, भरतीने आणलेला प्लास्टिकचा ढीग नाही, आमची शाळा नाही. शेवटी पाहणाऱ्याला काय विकलं जातंय यावर वाद झाला. पर्यटकाला राहायची खोली, असं बहुमताने ठरलं. एकाचं मत पडलं, जमीन. तो मुलगा गप्प प्रकृतीचा आहे. त्याच्या घरामागची कलमांची बाग दोन वर्षांपूर्वी विकली गेली.

त्या तासात यंत्राचं काम फक्त चालू-बंद करण्यापुरतं होतं. रील कसं बनवतात याचा तास वेगळा घेतला असता तर मुलांनी त्याहून सरस ड्रोन शॉट मागितले असते, आणि पुन्हा मासळी गाळली असती.

पावसाच्या बातम्यांचा तासही असाच रंगला. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे फळ्यावर लिहून मी त्याच दिवसाच्या चार बातम्यांचे मथळे वाचले. 'कोकणात हाहाकार' आलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, हाहाकार म्हणजे किती मिलिमीटर?" या प्रश्नाला मी पूर्ण गुण दिले असते. दर्यावर्दी घरांतल्या मुलांना हे समजायला वेळ लागत नाही. बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला तर तो कुणी लावला, कुणाच्या सांगण्यावरून लावला हे त्यांच्या घरात माहीत असतं. फोनवर आलेला बावटा कुणी लावला, एवढंच विचारायचं असतं.

आणि ६ जानेवारी. बाळशास्त्री जांभेकर आमच्या देवगड तालुक्यातले, पोंभुर्ल्याचे. १८३२ मध्ये त्या दिवशी 'दर्पण' निघालं म्हणून दरवर्षी पत्रकार दिनाला आमच्याकडे पाठ केलेली भाषणं होतात. या वेळी भाषणं बंद ठेवली. 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे, एवढं सांगून विचारलं की दुसरा रकाना कुणासाठी? साहेबांसाठी, असं लगेच उत्तर आलं. इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी, असं थोड्या वेळाने. दोन्ही बरोबर आहेत. एकच मजकूर दोन वाचकांसाठी कसा रचला जातो, हे शिळाछापाच्या काळापासूनचं प्रकरण आहे, त्याला मोबाइल लागत नाही.

मात्र दोन्ही बाजू वेगळ्या म्हणून कायमच्या वेगळ्या ठेवता येत नाहीत. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेला अभ्यास मला सगळ्यात उपयोगी पडला. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २५ विद्यार्थी यांना संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर खाली-वर वाचत राहिले, लोगो छान, भाषा भारदस्त, म्हणून फसले. तपासनीस पान जवळपास न वाचताच बाहेर पडले, नवी टॅब उघडून या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी पाहिलं. टॅब उघडणं हे तंत्र झालं. बाहेर पडून शेजाऱ्याला विचारावं हे सुचणं ही माध्यम साक्षरता. आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी स्थळाच्या घरी चहा पिऊन निर्णय घेत नाहीत, शेजारच्या वाडीत चौकशी करतात, असं सांगितल्यावर पालक सभेतल्या बायकांना हे एका वाक्यात कळलं.

शोधाच्या निकालात पहिलं काय यावं, रील संपल्यावर पुढचं कुठलं यावं हे ठरवणारं गणित तर धड या बाजूला बसत नाही, धड त्या बाजूला. कॅनडाचे माध्यम-अभ्यासक मार्शल मॅक्लुहान यांनी १९६४ मध्ये माध्यम हाच संदेश असल्याचं म्हटलं होतं, ते मला पहिल्या वाचनात कोडं वाटलं. दोन मुलांचे फोन शेजारी ठेवून 'मालवण' हा एकच शब्द शोधला. एकाला वर मासळीच्या थाळ्या आल्या, दुसऱ्याला किल्ला आणि स्कूबा डायव्हिंग. मग थोडं उलगडलं. यंत्रही काहीतरी म्हणत असतं. अजून यावर तास कसा घ्यायचा ते मला नीट जमलेलं नाही.

पदवी मिळाली. शाळेच्या अहवालात तिची नोंद 'आयसीटी प्रशिक्षण', म्हणजे संगणक-तंत्रज्ञानाच्या रकान्यात झाली आहे, दुसरा रकानाच नव्हता.

या जुलैत पुन्हा तसाच पाऊस लागला. रात्री नऊला सुट्टीचं पत्र आलं. मी आधी जिल्ह्याच्या अधिकृत पानावर पाहिलं, मग तारीख, मग वार, आणि मगच ग्रुपवर टाकलं. मावशींना टाइप करता येत नाही. त्यांचा सात सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला, मागे पन्हळीचं पाणी पडल्याचा आवाज: "बाई, वार बरोबर आसा. वाटाणे भिजत घालूक नाय."