महास्फोट नेमका कुठे झाला?

‘विश्वाच्या सुरुवातीला अवकाशात एका जागी प्रचंड स्फोट झाला आणि दीर्घिका (ताऱ्यांचे अवाढव्य समूह, म्हणजे गॅलॅक्सी) तिथून तुकड्यांसारख्या उडाल्या’ हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते चूक आहे.

थोडा दोष नावाचाच. ‘बिग बँग’ (म्हणजेच महास्फोट) हा शब्द ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बीबीसी रेडिओवर वापरला, आणि गंमत म्हणजे त्यांना हा सिद्धान्तच मान्य नव्हता! (आपले जयंत नारळीकर यांचे हे गुरू.)

१९२९ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी दाखवलं, की दीर्घिका जितकी लांब तितकी ती वेगाने दूर जाते. मग आपण मध्यभागी आहोत का? घरातलं जुनं इलॅस्टिक घ्या, एकेक सेंटीमीटरवर पेनाने ठिपके काढा आणि दुप्पट ताणा. शेजारचा ठिपका एक सेंटीमीटर सरकतो, चौथा चार. कुठल्याही ठिपक्यावरून मोजा, हिशेब तोच. ठिपके उडत नाहीत, मधली जागा ताणली जाते. (इलॅस्टिकला टोकं असतात, विश्वाचं टोक मात्र कुणाला सापडलेलं नाही.)

महास्फोटाचा पुरावा अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सापडला. १९६४-६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या कर्ण्यासारख्या अँटेनात सतत खरखर येत होती. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. विष्ठा खरवडून काढली, तरी खरखर जाईना. अँटेना कुठेही वळवा, तेवढीच. ही खरखर म्हणजे विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश होता, जागेबरोबर ताणून रेडिओ लहरींसारखा झालेला आणि आता जेमतेम २.७ केल्विनपर्यंत (उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास) निवलेला. तो एका दिशेकडून येत नाही, कारण महास्फोट सगळीकडेच झाला. तुम्ही बसलाय तिथेही.