सूर्याचा ‘अवयव’ आणि साडीचा काठ

परवा सूर्यावरची एक बातमी वाचताना एका वाक्याशी अडखळलो. ‘सूर्याच्या पूर्वेकडील अवयवावर मोठा उद्रेक झाला.’ सूर्याला अवयव? मूळ इंग्रजीत ‘ईस्टर्न लिम’ (limb) असणार. लिम म्हणजे हात किंवा पाय, हे आपल्याला शाळेपासून पाठ. भाषांतर करणाऱ्याने (की यंत्राने?) शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला आणि पुढे गेला. खगोलशास्त्रात मात्र लिम म्हणजे बिंबाची कड.

त्याला फार हसू नये. दोन्ही शब्दांचं स्पेलिंग एकच, शेवटचा ‘बी’ दोन्हीकडे मुका. पण हे सख्खे सोडाच, चुलत भाऊसुद्धा नाहीत. हातापायाचा लिम अस्सल जुन्या इंग्रजीतला. त्यात पूर्वी ‘बी’ नव्हताच, तो सोळाव्या शतकाच्या सुमारास विनाकारण येऊन चिकटला. कडेचा लिम आला लॅटिनमधल्या ‘लिंबस’वरून, आणि लिंबस म्हणजे चक्क वस्त्राचा काठ! रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात डिडो राणी शिकारीला निघते, तेव्हा तिच्या अंगरख्याला नक्षीदार लिंबस असतो. पैठणीवाल्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

हा काठ पुढे कुठेकुठे गेला बघा. मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मपंडितांना बाप्तिस्मा न होताच गेलेल्या अर्भकांची सोय लावायची होती. स्वर्ग नाही, नरकही बरा दिसत नाही, म्हणून नरकाच्या काठावर जागा काढली, ती ‘लिंबो’. आपल्याकडे काम लोंबकळतं, इंग्रजीत ते लिंबोत असतं. १८७८ मध्ये फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी मेंदूच्या आतल्या कडेच्या भागाला ‘लिंबिक’ म्हटलं. डोळ्यात पारदर्शक पटल आणि पांढरा भाग जिथे मिळतात त्या रेषेलाही लिंबसच म्हणतात. आकाशात हा शब्द उपकरणांवरून चढला असावा. कोन मोजायच्या उपकरणाच्या, अंश कोरलेल्या कडेला सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिम म्हणू लागले होते. सतराव्या शतकात सूर्यचंद्राची कडही लिम झाली. पेपरात सूर्योदयाची जी वेळ छापतात ती बिंबाची वरची कड, ‘अपर लिम’, क्षितिजावर दिसण्याची असते.

आता माझ्या आवडीचा भाग. या काठाचा रंग वेगळा असतो.

आमच्या गच्चीवर लहान दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलं होतं. (दुर्बिणीला डोळा लावून सूर्य कधीही पाहायचा नाही, क्षणभरही नाही.) ताटलीएवढं बिंब, त्यावर दोन डाग. भाची म्हणाली, “मामा, पुठ्ठा कडेला मळलाय.” खरंच, मध्ये लख्ख आणि कडेला चहाचा ओघळ सुकल्यासारखी तांबूस झाक. पुठ्ठा फिरवला, बदलला, तरी मळ बिंबाबरोबरच सरकत राहिला. याला ‘लिम डार्कनिंग’ म्हणतात.

सूर्य सगळीकडून सारखाच तापलेला गोळा आहे, मग कड काळवंडते कशी? माळशेज घाटातलं पावसाळी धुकं आठवा. तुम्हाला समजा पन्नास पावलांवरचंच दिसतं, कुठल्याही दिशेला. आता कल्पना करा की धुक्याच्या थरावर तरंगत तुम्ही खाली बघताय. नजर सरळ खाली टाकली तर ती पन्नास पावलं खोल जाते. तिरपी टाकली तरीही धुक्यातून पन्नास पावलंच जाते, पण तिरपी, म्हणजे खोली भरते दहा-पंधरा पावलं. अगदी आडवी टाकली तर नजर वरच्या साईतच संपते.

सूर्याला टणक पृष्ठभाग नाही. जिथपर्यंत आपली नजर पोचते त्या थराला फोटोस्फिअर, मराठीत दीप्तिगोल, म्हणतात. बिंबाच्या मध्याशी आपण सरळ खाली बघतो, म्हणून खोलवरचा, सुमारे ६००० केल्विनचा वायू दिसतो. कडेला नजर तिरपी पडते, म्हणून वरचा, ५००० केल्विनच्या आसपासचा थंड वायू दिसतो. (थंड! पण सूर्याच्या हिशोबात थंडच.) तापलेल्या वस्तूचा एकूण प्रकाश तापमानाच्या चौथ्या घाताने बदलतो. ५ भागिले ६, त्याचा चौथा घात, म्हणजे ०.४८. एक हजार अंशांच्या फरकात प्रकाश निम्म्यावर आला! थोडा काटेकोर हिशोब केला तर कडेचा प्रकाश मध्याच्या ४० टक्के येतो. शिवाय थंड वायूचा प्रकाश लालसर असतो, तीच ती चहाची झाक.

पण मुळात हे धुकं कशाचं? दीप्तिगोलातला वायू आपल्या हवेपेक्षा हजारो पटींनी विरळ आहे. तो अपारदर्शक का असावा? उत्तर १९३९ मध्ये रूपर्ट विल्ट यांनी दिलं. हायड्रोजनच्या काही थोड्या अणूंना एक जास्तीचा इलेक्ट्रॉन चिकटलेला असतो, आणि तोही कसाबसा. ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची टिचकी लागली की सुटतो. दृश्य प्रकाशाच्या कुठल्याही कणाकडे याहून जास्त ऊर्जा असते, म्हणून हा ऋण आयन वाटेत येईल तो प्रकाश गिळतो. असे आयन फार थोडे, पण थर काही शे किलोमीटर जाड, त्यामुळे धुकं पुरेसं दाट होतं. तेवढी जाडी पृथ्वीवरून एका विकलेपेक्षा (अंशाच्या ३६०० व्या भागापेक्षा) लहान दिसते. आपल्या डोळ्याला ६० विकलांच्या आतलं वेगळं दिसत नाही, म्हणूनच सूर्याची कड कात्रीने कापल्यासारखी रेखीव वाटते. प्रत्यक्षात तिथे काही संपत नाही. संपते ती आपली नजर. पदार्थ पुढे आहेच: वर्णगोल नावाचा वायूचा थर आहे, त्याबाहेर प्रभामंडल, म्हणजे कोरोना, आहे.

कार्ल श्वार्ट्‌सशिल्ड या जर्मन खगोलज्ञाने १९०६ मध्ये या काळवंडण्याकडे उलट्या बाजूने पाहिलं. सूर्याच्या वरच्या थरांत उष्णता वायूच्या उकळण्याने वर येते की प्रकाशाच्या झिरपण्याने? दोन्ही प्रकारांत खोलीनुसार तापमान वेगळं बदलेल, म्हणजे कडही वेगळी काळवंडेल. मोजमापं प्रकाशाच्या बाजूने गेली. पुठ्ठ्यावरच्या त्या मळावरून हा निकाल लागला.

क्ष-किरणांत पाहिलं तर सगळं उलटं होतं आणि कड उजळते, कारण तिथे प्रभामंडल दिसतं. ते पारदर्शक असल्याने आडव्या नजरेत जास्त वायू येतो. हे ज्यांना जड गेलं त्यांनी पौर्णिमेचा चंद्र पाहावा. त्याची कड काळवंडत नाही, तो सपाट थाळीसारखा दिसतो, कारण तो धुकं नाही, खडबडीत धूळ आहे.

आणि या कडेचाच एक आपल्याकडचा किस्सा. दर १८ ऑगस्टला मोबाइलवर फिरतं की इंग्लिश खगोलज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहून हेलियम शोधला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ हा त्याचा पुरावा. पण त्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होते. ग्रहण पाहायला आंध्रातल्या गुंटूरला होते ते फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन. लॉकियर यांची करामत अशी की त्यांना ग्रहणाची गरजच लागली नाही. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी वर्णपटदर्शकाची (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणाची) फट सूर्याच्या लिमच्या जरा बाहेर धरली. आकाशाचा पांढरा उजेड वर्णपटात पसरून फिका पडतो, कडेबाहेर उसळणाऱ्या वायूच्या ज्वाळांच्या ठळक रेषा पसरत नाहीत, त्या उठून दिसतात. त्यांत एक पिवळी रेषा होती, ५८७.६ नॅनोमीटरची, सोडियमच्या दोन्ही पिवळ्या रेषांशी न जुळणारी. तीच हेलियमची.

विजयदुर्गाला लॉकियर आले होते, हे खरं आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी आले होते. तोवर लंडनमध्ये रसायनज्ञ रॅमसे यांना खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसून तीन वर्षं होत आली होती.