बायपासनंतरचा व्यायाम (उतारवयातील)

हृदयाची बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या साठी-सत्तरीपुढील व्यक्तीने चालणे, श्वासाचे व्यायाम, सांध्यांच्या हालचाली आणि ताकदीचे व्यायाम टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करण्याची पद्धत. वैद्यकात ही पद्धत हृदय पुनर्वसनाचा (कार्डियाक रिहॅबचा) भाग मानली जाते. रुग्णालयात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पलंगावरून उठवण्यापासून ती सुरू होते, पुढे साधारण 12 आठवडे देखरेखीखाली चालते आणि नंतर जन्मभराची सवय म्हणून टिकवायची असते. पुढील माहिती नाशिक शहर व परिसरातील हवामान, रस्ते आणि कामे लक्षात घेऊन दिली आहे. प्रत्येकाचे अंतिम प्रमाण मात्र त्याचे शल्यविशारद व फिजिओथेरपिस्ट ठरवतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवत. सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकी हृदयतज्ज्ञांनी 1952 मध्ये रुग्णाला लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला आणि ही समजूत डळमळली. शल्यविशारद रेने फावालोरो यांनी 1967 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे पायाच्या शिरेचा तुकडा वापरून बायपास केली. भारतात ही शस्त्रक्रिया डॉ. के. एम. चेरियन यांनी 1975 मध्ये केली. घरोघरी मात्र ‘ऑपरेशन झालंय, आता हलू नका’ हा सल्ला अजून दिला जातो आणि वयस्कर माणसाचे सर्वाधिक नुकसान त्यानेच होते.

काय किती दिवसांत भरून येते

या व्यायामाचा सगळा हिशेब एका गोष्टीवर चालतो: पायांचे स्नायू, हृदय आणि छातीचे हाड वेगवेगळ्या गतीने सावरतात. पायांना सहसा फारसे काही झालेले नसते, पण उतारवयात आठवडाभर पडून राहिले तरी मांड्यांची ताकद झपाट्याने घटते. म्हणून चालणे लगेच सुरू करतात. हृदयाला रक्तपुरवठा मिळालेला असला तरी पहिल्या काही दिवसांत ठोके अनियमित होण्याचा त्रास दर तीन-चार रुग्णांत एकाला होतो आणि वयानुसार तो वाढतो. छातीचे हाड उभे कापून पोलादी तारांनी बांधलेले असते. ते जुळायला 6 ते 8 आठवडे आणि पक्के व्हायला सुमारे 12 आठवडे लागतात. मधुमेह किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल तर त्याहून जास्त. थोडक्यात पायांना लगेच मोकळीक, हातांना बेताची, आणि वजन उचलायला तीन महिन्यांनी.

हाड जुळेपर्यंत 2 ते 3 किलोंपेक्षा जड काही उचलू नये. काही शल्यविशारद 5 किलोंपर्यंत परवानगी देतात. भरलेली बादली 15 ते 20 किलोंची असते, गॅसच्या सिलिंडरमधला गॅसच 14.2 किलो असतो, आणि नातवंडाला कडेवर घेणेही याच हिशेबात येते. दंड अंगालगत ठेवून केलेली हलकी कामे चालतात. हात लांब करून ओढणे-ढकलणे किंवा एकाच हाताने जोर लावणे टाळावे. दुखेल इतके न ताणता दोन्ही हात एकाच वेळी सावकाश वर नेणे, खांदे गोल फिरवणे हे मात्र रोज करावे. भीतीने हात छातीशी आवळून ठेवले की महिन्याभरात खांदे आखडतात.

पलंगावरून उठताना सरळ उठून बसू नये. गुडघे वाकवून कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि कोपर अंगालगत ठेवून त्याच्या हलक्या आधाराने उठावे. मग दोन मिनिटे कडेला बसून राहावे. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उभे राहिल्यावर दाब घसरतो, आणि म्हाताऱ्या माणसाचे पडणे पुष्कळदा याच क्षणी होते. खुर्चीतून उठताना बुड पुढच्या कडेला आणावे, पावले मागे घ्यावीत, हात छातीवर दुमडावेत आणि पुढे झुकून पायांच्या जोरावर उठावे. भारतीय पद्धतीचा संडास आणि मांडी घालून जेवणे हाताच्या रेट्याशिवाय उठता येईपर्यंत बंद. खोकताना किंवा शिंकताना छोटी उशी छातीशी घट्ट धरावी.

चालण्याचा क्रम

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात सपाट जागी 5 मिनिटे, दिवसातून 3-4 वेळा. दर दिवसाआड एक-दोन मिनिटे वाढवावीत. चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत सलग 25-30 मिनिटांपर्यंत पोचावे. आधी वेळ वाढवावा, मग वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. प्रत्येक वेळी पहिली व शेवटची 5 ते 10 मिनिटे रेंगाळत चालायचे. (सुरुवातीच्या आठवड्यांत सगळेच चालणे तसे असते.) शेवटचे संथ चालणे बरेच जण गाळतात. भरभर चालून एकदम थांबले की पायात उतरलेले रक्त परत चढवायला पोटऱ्यांची हालचाल उरत नाही, दाब पडतो आणि घेरी येते. त्यानंतर लगेच कढत पाण्याने आंघोळ केली तर आणखीच.

वेग किती हे नाडीवर ठरवायचे असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत विश्रांतीच्या नाडीहून 20-30 ठोके अधिक ही मर्यादा धरतात. पण मेटोप्रोलॉलसारखी ठोके संथ करणारी गोळी चालू असेल तर दम लागला तरी नाडी फारशी चढत नाही आणि मनगटावरच्या घड्याळाचा आकडा फसवतो. म्हणून श्रमाची जाणीव हेच खरे माप. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या श्रम मोजण्याच्या 6 ते 20 च्या मोजपट्टीवर 11 ते 13, म्हणजे हलके ते किंचित कष्टाचे. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग ठीक. वाक्य मध्येच तुटत असेल तर कमी करावा, आणि निवांत अभंग म्हणता येत असेल तर थोडा वाढवावा.

नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदानाचा (हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान) ट्रॅक सपाट आहे, बसायला जागा आहे आणि सकाळी सोबतीला माणसे असतात, म्हणून सुरुवातीला सोयीचा. गोदाकाठी चालणाऱ्यांनी रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या पावसाळ्यात टाळाव्यात. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचे तापमान वारंवार 10 अंशांखाली जाते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो, म्हणून पहाटे पाचच्या जुन्या सवयीला या वर्षी सुट्टी द्यावी आणि ऊन पडल्यावर साडेआठ-नऊला कानटोपी घालून निघावे. एप्रिल-मेमध्ये उलट, आठच्या आत परतावे. जेवणानंतर किमान तास-दीड तास जाऊ द्यावा; मिसळीच्या नाश्त्यानंतर तर नक्कीच.

ताकद आणि तोल

उतारवयात नुसते चालणे पुरत नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीतून 5 ते 10 वेळा उठणे-बसणे आणि ओट्याला धरून टाचा उचलणे हे डॉक्टरांच्या संमतीने पहिल्या महिन्यातच सुरू होते. एका पायावर 10 सेकंद उभे राहतानाही ओटा धरूनच. हातांसाठी वजने 8 ते 12 आठवड्यांनंतर: अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, 10-15 वेळा, आठवड्यातून दोनदा. जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास रोखला की दाब उसळतो. शौचाला कुंथण्यातही हेच घडते, म्हणून बद्धकोष्ठावर वेळीच उपाय करावा. कपालभाती व कुंभक (श्वास रोखून धरणे) डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. सूर्यनमस्कार आणि साष्टांग नमस्कार तीन महिन्यांपर्यंत नकोत, कारण त्यांत शरीराचा भार थेट तळहातांवरून छातीच्या हाडावर येतो.

कधी थांबावे

छातीत दाब किंवा आवळणे, जबड्यात वा डाव्या हातात दुखणे, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, ठोक्यांची धडधड यांपैकी काहीही झाले तर जागच्या जागी बसावे. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर बसूनच घ्यावी, कारण तिने दाब उतरतो. 5 मिनिटांत आराम पडला नाही तर 108 ला फोन करावा. छातीच्या हाडात ‘कट्’ असा आवाज किंवा हलल्याची जाणीव, जखमेतून पाणी, ताप, ही हाड न जुळल्याची किंवा जंतुसंसर्गाची खूण असू शकते. शीर काढलेल्या पायावर थोडी सूज येतेच. बसताना तो उंचावर ठेवावा. पण पोटरी दुखून लाल-गरम झाली तर त्याच दिवशी दाखवावे. रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढले तर अंगात पाणी साठत असण्याचा संभव असतो.

विश्रांतीतला दाब 180/110 हून जास्त असेल किंवा ताप असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर 100 च्या खाली असल्यास आधी थोडे खावे. कृत्रिम झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने डोके आपटले तर जखम दिसत नसली तरी रुग्णालय गाठावे.

कामाला आणि गडावर परतताना

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना बागेतले काम हलके वाटते, पण एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी आणि विरळणी ही मांडवाखाली तासन् तास हात डोक्यावर धरून करायची कामे आहेत. तेवढ्याच श्रमाच्या चालण्यापेक्षा हाताच्या कामाने दाब अधिक चढतो. तीन महिन्यांनंतरही ती 10-10 मिनिटांच्या टप्प्यांत सुरू करावीत. पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप भरल्यावर 16 किलोंहून जड होतो आणि त्याचे पट्टे खांदे मागे खेचतात. तो दुसऱ्याकडे द्यावा. दुचाकीही साधारण तीन महिने नको.

एक जिना न थांबता, बोलत चढता येऊ लागला की पांडवलेण्यांच्या सुमारे 200 पायऱ्या मधे मधे बसत चढायचा विचार करावा, तोही डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर. सप्तशृंगीच्या दर्शनाचा नवस असेल तर 2018 पासून गडावर ट्रॉली आहे, पहिल्या वर्षी तिनेच जावे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी अनेक तासांची आणि निसरड्या वाटेची असते. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेल्यांनी ती अनवाणी कधीच करू नये.